लहान मुलांच्या खाण्याच्या समस्या व पालक-बालक बंध : बालाघाट जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

"मूल काही खातच नाही" ही तक्रार ऐकली नाही असा अंगणवाडी कार्यकर्तीचा किंवा बालरोगतज्ज्ञाचा एकही दिवस जात नसावा. ही तक्रार शहरातील सुखवस्तू घरातून येते, तशीच ती बैहरच्या जंगलपट्टीतील झोपडीतूनही येते. दोन्ही ठिकाणी शब्द एकच असले तरी त्यामागील वस्तुस्थिती मात्र वेगळी असते. एका घरी मूल वयाच्या मानाने पुरेसे खात असते आणि काळजी तेवढी मोठी झालेली असते. दुसऱ्या घरी मूल खरोखरच खंगत असते आणि त्याची भूक मंदावलेली असते. या दोहोंमधील फरक ओळखता येणे ही उपचाराची पहिली पायरी होय.

आपल्याकडे कुपोषणाचा विचार बहुधा अन्नाच्या अंगाने केला जातो. किती उष्मांक, किती प्रथिने, किती शिधा असा हिशोब मांडला जातो. हा हिशोब आवश्यक आहे, परंतु तो अपुरा आहे. दोन वर्षांखालील मूल स्वतःच्या हाताने ताट वाढून घेत नाही. त्याच्या पोटात जाणारा प्रत्येक घास कोणाच्या तरी हातून जातो. तो हात कोणाचा आहे, त्या हाताला घाई आहे की सवड, आणि मुलाने तोंड फिरवले तर पुढे काय होते, यावर घास पोटात जाणार की नाही हे पुष्कळ अंशी ठरते. प्रस्तुत लेखात खाण्याच्या समस्या आणि पालक-बालक बंध यांतील संबंध स्पष्ट करण्याचा, तसेच बालाघाट जिल्ह्यात उपलब्ध असलेल्या उपचारव्यवस्थेच्या संदर्भात त्याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. कम्युनिटी कॉलेजमध्ये बालसंगोपन, आहार व पोषण किंवा आरोग्य सहायक यांसारखे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या अध्यापकांना तो वर्गात उपयोगी पडावा, ही अपेक्षा आहे.

१. बालाघाटची पार्श्वभूमी

बालाघाट जिल्ह्याची स्थापना १८६७ साली मंडला, शिवनी व भंडारा या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा आणि नागपूर-भंडाऱ्याचा प्रदेश एकाच राज्यात होते. त्यानंतर विदर्भ वेगळा झाला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वैनगंगेच्या खोऱ्यातील वारासिवनी, लांजी, किरनापूर, खैरलांजी या भागांत धानाची शेती आहे. उत्तर-पूर्वेकडे बैहर, परसवाडा, बिरसा हा डोंगराळ, जंगलाचा मुलूख असून तेथे गोंड व बैगा समाजाची वस्ती आहे. हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी या बोली एकाच बाजारात ऐकू येतात.

या भूगोलाचा मुलाच्या घासाशी थेट संबंध आहे. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की घरातील स्त्री सकाळी बांधीत उतरते ती संध्याकाळीच बाहेर येते. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. शेतीची कामे संपली की काही कुटुंबे मजुरीसाठी बाहेरगावी जातात. अशा काळात तान्हे मूल आजीकडे किंवा सात-आठ वर्षांच्या मोठ्या बहिणीकडे राहते. मोठी बहीण प्रेमाने सांभाळते, परंतु दहा महिन्यांच्या बाळाला किती वेळ बसून भरवायचे हे तिला कोणी शिकवलेले नसते. मूल रडले की हातात बिस्किटाचा पुडा दिला जातो. मूल गप्प होते. पोट भरल्यासारखे होते आणि जेवणाच्या वेळी भूक नसते.

राज्याचे आकडे पाहिले तर सुधारणा झाली आहे हे मान्य करावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६० टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये ४२.८ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३३ टक्क्यांवर आले. तरीही दर तीन मुलांमागे एक मूल कमी वजनाचे राहते. याच शेवटच्या सर्वेक्षणात देशपातळीवर आणखी एक गोष्ट दिसून आली. ६ ते २३ महिने वयाच्या मुलांपैकी केवळ ११ टक्क्यांच्या आसपास मुलांना पुरेसा व पुरेशा प्रकारचा आहार मिळत होता. म्हणजे समस्या नेमकी त्या वयात गडद होते, ज्या वयात मूल अंगावरच्या दुधाकडून घरच्या अन्नाकडे वळते आणि भरवणाऱ्यावर पूर्णपणे अवलंबून असते.

२. 'खात नाही' या तक्रारीचे प्रकार

उपचाराच्या दृष्टीने या तक्रारीचे ढोबळमानाने चार गट पाडता येतात.

अ) गैरसमजातून आलेली तक्रार : जन्माच्या वेळी तीन किलो असलेले बाळ वर्षभरात साधारण तिप्पट वजनाचे होते. दुसऱ्या वर्षात मात्र वाढ मंदावते आणि वर्षभरात दोन-अडीच किलोच वजन वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आईला वाटते, काल-परवापर्यंत खाणारे मूल आता खात नाही. वजनाचा आलेख ठीक असेल तर या मुलाला औषधाची गरज नसते. त्याच्या पालकांना समजावून सांगण्याची गरज असते.

आ) शारीरिक कारण असलेली तक्रार : तोंड येणे, रक्तक्षय, वारंवार होणारे अतिसार, क्षयरोग, जंत, हृदयाचे जन्मजात दोष, फाटलेली टाळू, मेंदूच्या पक्षाघातामुळे चावता-गिळता न येणे अशी अनेक कारणे असू शकतात. मध्य प्रदेशच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आजारही आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी याच राज्यातील शहडोल येथून सुरू झाली. खाण्याच्या प्रत्येक तक्रारीत प्रथम वैद्यकीय तपासणी व्हावी, हा नियम म्हणूनच महत्त्वाचा आहे.

इ) कौशल्याच्या अभावातून आलेली तक्रार : सहा महिन्यांनंतर वरचे अन्न वेळेवर सुरू झाले नाही, किंवा वर्ष-दीड वर्षापर्यंत केवळ पातळ पेज व दूधच दिले गेले, तर मुलाला घट्ट अन्न जिभेने फिरवण्याची व चावण्याची सवय लागत नाही. पुढे भाताचे शीत तोंडात आले तरी त्याला उमासे येतात.

ई) नात्यातील ताणातून आलेली तक्रार : येथे मूल शरीराने खाऊ शकते, परंतु जेवणाची वेळ म्हणजे झुंज झालेली असते. आई मागे धावते, मूल तोंड मिटते, आई नाक दाबते, मूल ओकते, दोघेही रडतात.

प्रत्यक्षात हे गट एकमेकांत मिसळलेले असतात. तोंड आल्यामुळे आठवडाभर न खाल्लेल्या मुलाला घाबरलेली आई जबरदस्तीने भरवू लागते. तोंड बरे होते, पण घासाची भीती मागे राहते. २०१९ साली तज्ज्ञांच्या एका गटाने बालकांच्या भोजनविकाराची जी एकत्रित व्याख्या मांडली, तिच्यातही वैद्यकीय, पोषणविषयक, कौशल्यविषयक आणि मनोसामाजिक अशी चार अंगे एकत्र धरली आहेत. एकाच अंगावर उपचार केल्यास उरलेली अंगे समस्या जिवंत ठेवतात, हा त्यामागील विचार आहे.

३. बंध आणि वाढ : संशोधन काय सांगते?

अन्न पुरेसे असूनही मायेच्या अभावी मुले खुरटतात हे निरीक्षण नवे नाही. रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये संस्थांमध्ये वाढणाऱ्या बालकांच्या दुर्दशेचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृसंगोपन व मानसिक आरोग्य यांवर अहवाल लिहिला. पुढे मेरी एन्सवर्थ यांनी आई-मुलांच्या जोड्यांचे बारकाईने निरीक्षण केले. पहिल्या तीन महिन्यांत आई बाळाला कशी पाजते, बाळाच्या इशाऱ्यावर थांबते की आपल्या मर्जीने रेटते, याची त्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विशेष नोंद घेतली होती.

या विषयावरील सर्वांत बोलका अनुभव मात्र एका आहारशास्त्रज्ञ स्त्रीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये एल्सी विडोसन या ब्रिटिश संशोधिका जर्मनीतील दोन अनाथालयांत जादा आहाराचा परिणाम तपासत होत्या. दोन्हीकडे सुमारे पन्नास मुले होती व दोन्हीकडे सारखेच रेशन मिळत होते. पहिल्या सहा महिन्यांत कोणालाच जादा आहार नव्हता, तरी एका अनाथालयातील मुलांचे वजन दुसऱ्यापेक्षा अधिक वाढले. पुढील सहा महिने याच पहिल्या अनाथालयाला पाव, जॅम व संत्र्याचा रस जादा देण्यात आला. अपेक्षा अशी की आता ही मुले आणखी वाढतील. घडले उलटे. जादा आहार मिळणारी मुले मागे पडली आणि न मिळणारी पुढे गेली. शोध घेता कारण सापडले. दुसऱ्या अनाथालयाची कठोर अधीक्षिका नेमक्या त्याच वेळी बदलून पहिल्या अनाथालयात आली होती. जेवणाच्या वेळीच मुलांना सर्वांदेखत झापण्याची तिला सवय होती. समोर ताट आणि डोळ्यांत पाणी, अशा अवस्थेत मुले जेवत होती. तिने आपल्याबरोबर आठ लाडकी मुले आणली होती, ती मात्र चांगली वाढली. विडोसन यांचा हा लेख १९५१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या अनुभवाचा अर्थ अन्नाला महत्त्व नाही असा काढणे चुकीचे ठरेल. अन्न हवेच. ते कोणत्या वातावरणात मिळते यावर त्याचे अंगी लागणे अवलंबून असते, एवढेच त्यातून कळते. जमैकातील किंग्स्टन येथे सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच दिशेने जातो. वाढ खुंटलेल्या १२९ मुलांपैकी काहींना जादा आहार, काहींना आठवड्यातून एकदा घरी येऊन आईसह खेळ शिकवणारी कार्यकर्ती, काहींना दोन्ही आणि काहींना यांपैकी काहीच नाही, अशी विभागणी होती. आहार आणि खेळ दोन्ही मिळालेल्या मुलांचा विकास सर्वांत चांगला झाला. वीस वर्षांनंतर पाहिले असता, खेळाचा लाभ मिळालेल्या मुलांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली.

आपल्या देशातही पुरावा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शाहनाझ वझीर व सहकाऱ्यांनी तत्कालीन आंध्र प्रदेशातील ६० खेड्यांत केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मातांना वरच्या आहाराबरोबरच मुलाच्या इशाऱ्यांना प्रतिसाद देत भरवण्याचे व खेळण्याचे शिक्षण देण्यात आले. ज्या गटात हे शिक्षण होते त्या मुलांचा मानसिक विकास नेहमीच्या सेवा मिळणाऱ्या मुलांपेक्षा सरस आढळला.

गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी ज्या माता नैराश्याने ग्रस्त होत्या, त्यांची बाळे सहाव्या महिन्यात कमी वजनाची असण्याची शक्यता अधिक होती. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा निष्कर्ष कळीचा आहे. मुलाच्या ताटाची चौकशी करताना आईच्या मनाची चौकशी करणे हे उपचाराचेच अंग आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

४. समस्येचे दुष्टचक्र

दोन प्रकारची चक्रे ओळखता यावीत.

पहिले चक्र अभावाच्या घरात आढळते. कुपोषित मूल शांत होते. ते कमी रडते, कमी रांगते, खेळण्यासाठी हात कमी पसरते. कामाने थकलेल्या आईला हे मूल 'गुणी' वाटते, कारण ते त्रास देत नाही. मागणी कमी म्हणून भरवणे कमी, भरवणे कमी म्हणून ताकद कमी, आणि ताकद कमी म्हणून मागणी आणखी कमी. येथे कोणीही दुष्टपणा केलेला नसतो. संकेत देणारा अशक्त आणि संकेत घेणारी थकलेली, एवढेच घडलेले असते.

दुसरे चक्र धास्तीच्या घरात आढळते. मूल थोडे कमी खाते, आई घाबरते, सासू टोमणा मारते, वजनाचा तक्ता लाल-पिवळा दाखवतो. आई बळजबरी करते. मुलाच्या मनात घास आणि भीती यांची सांगड बसते. चमचा दिसताच ते मान फिरवते. मग जेवण टळले म्हणून मधल्या वेळेत दूध, चहा, बिस्किटे, कुरकुरे दिले जातात. त्यामुळे पुढच्या जेवणाला भूक राहत नाही. अलीकडे मोबाईल दाखवून भरवण्याची पद्धत खेड्यांतही पोहोचली आहे. मूल पडद्याकडे पाहत तोंड उघडते, पण भूक लागणे व पोट भरणे या स्वतःच्या शरीराच्या खुणा त्याला समजेनाशा होतात. समोरच्या माणसाकडे तर ते पाहतच नाही.

आपल्या जुन्या पद्धतीत यावर उत्तर होते. चिऊ-काऊचे घास भरवणारी आजी मुलाच्या डोळ्यांत पाहते, बोलते, थांबते, त्याला अंगणातील पाखरू दाखवते आणि तोंड उघडले की इवलासा घास ठेवते. ज्याला आजचे शास्त्र प्रतिसादपूर्ण भरवणे म्हणते, त्याचे हे घरगुती रूप आहे. मोबाईल आणि आजी दोघेही मुलाचे मन रमवतात. फरक एवढाच की आजी मुलाला पाहत असते.

५. पोषण पुनर्वास केंद्रातील उपचार

मध्य प्रदेशात तीव्र कुपोषित मुलांसाठी पोषण पुनर्वास केंद्रे उभारण्यास २००० नंतरच्या दशकाच्या मध्यास सुरुवात झाली आणि आज राज्यात अशी तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. केंद्र सरकारने या केंद्रांसाठी २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ज्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे, ज्याचे वजन उंचीच्या मानाने अतिशय कमी आहे किंवा ज्याच्या दोन्ही पायांवर सूज आहे, ते मूल तीव्र कुपोषित मानले जाते. अशा मुलाला ताप, अतिसार, न्यूमोनिया यांसारखी गुंतागुंत असेल किंवा भूकचाचणीत ते खात नसेल, तर त्याला दाखल करणे आवश्यक ठरते. आई मुलासोबत राहते. मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा असतो व बुडालेल्या मजुरीपोटी आईला भत्ता दिला जातो.

उपचाराची दिशा जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा टप्प्यांवर आधारलेली आहे. प्रथम रक्तातील साखर, अंगाची ऊब, पाण्याची कमतरता, क्षार व जंतुसंसर्ग यांकडे लक्ष दिले जाते. सुरुवातीचा आहार जपून दिला जातो. १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असलेला दुधाचा आहार दर दोन-तीन तासांनी थोडा थोडा पाजतात, कारण खंगलेले शरीर एकदम भरपूर अन्न पेलू शकत नाही. मूल स्थिरावले आणि भूक परतली की १०० उष्मांकांचा आहार सुरू होतो. मूल तोंडाने पुरेसे घेतच नसेल तर काही काळ नाकातून नळी घालावी लागते. नळीची आईला धास्ती वाटते. ती तात्पुरती आहे व प्रत्येक वेळी आधी तोंडाने पाजून पाहायचे आहे, हे तिला आधीच सांगितले तर पुढचा संघर्ष टळतो.

या दहा टप्प्यांतील नववा टप्पा प्रस्तुत लेखाच्या विषयाशी निगडित आहे : संवेदनांना चालना आणि भावनिक आधार. मायेने वागवणे, आनंदी वातावरण, दररोज १५ ते ३० मिनिटे ठरवून खेळ आणि आईचा शक्य तितका सहभाग, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. औषधाच्या मात्रेइतकाच हा टप्पा बंधनकारक समजला पाहिजे. मात्र खाटा भरलेल्या, परिचारिका मोजक्या आणि रोजच्या वजनवाढीची नोंद अनिवार्य, अशा परिस्थितीत याच टप्प्यावर सर्वांत आधी काट बसण्याचा धोका असतो. मूल बरे करणारे हात आईचेच असावेत, कर्मचाऱ्यांनी तिला साहाय्य करावे. कर्मचाऱ्याने भरवले तर आजचे वजन वाढेल. आईला भरवता आले तर घरी गेल्यावरही वाढत राहील.

आणखी एक प्रश्न उरतो. काही माता मुक्काम पुरा होण्याआधीच घरी परततात. घरी दुसरी मुले असतात, रोवणी तोंडावर आलेली असते, सासरी परवानगी दोनच दिवसांची असते, केंद्रातील भाषा परकी वाटते. अशा आईला 'बेफिकीर' म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु तिच्यापुढे दोन मुलांमधून निवड करण्याची वेळ आलेली असते. गावातील कार्यकर्तीने दाखल करण्याआधीच घरच्यांशी बोलून मागे राहिलेल्या मुलांची सोय लावली, तर चौदा दिवसांचा मुक्काम शक्य होतो.

६. घरी करावयाचा उपचार

गुंतागुंत नसलेल्या मुलांसाठी घर हेच उपचारकेंद्र असते. खालील तत्त्वे उपयुक्त ठरतात.

१) जबाबदारीची वाटणी : अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात मांडलेले सूत्र सोपे आहे. काय, केव्हा आणि कोठे खायचे हे पालकांनी ठरवावे. किती खायचे आणि खायचे की नाही हे मुलाने ठरवावे. मात्र हे सूत्र ठीक वजनाच्या मुलाला लागू आहे. तीव्र कुपोषित वा आजारी मुलाची भूकच बिघडलेली असल्याने तेथे वारंवार, चिकाटीने, पण बळजबरी न करता भरवावे लागते.

२) वेळेची शिस्त : ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दिवसातून २-३ वेळा आणि ९ महिन्यांपासून ३-४ वेळा जेवण, जोडीला एक-दोनदा खाऊ व अंगावरचे दूध. मोठ्या मुलाच्या दोन खाण्यांच्या मध्ये पाण्याशिवाय काही देऊ नये. जेवण २०-३० मिनिटांत आटोपावे. न खाल्लेले ताट शांतपणे उचलावे, रागाने नव्हे.

३) अन्न घट्ट हवे : चमच्यावरून वाहून जाणाऱ्या पेजेत पाणीच अधिक असते. मऊ भात, तुरीचे घट्ट वरण, कुस्करलेली भाजी, अंडे आणि वरून चमचाभर तेल किंवा तूप असा घास लहान पोटातही ताकद देतो. बैगा-गोंड घरांतील कोदो-कुटकीची पेज उत्तम आहे. ती घट्ट करून त्यात डाळ मिसळावी एवढेच सुचवावे. घरचे अन्न हिणवून बाजारच्या पुड्याची शिफारस करू नये.

४) समोरासमोर बसणे : मुलाचे तोंड आपल्याकडे असावे. त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलावे. तोंड उघडणे, पुढे झुकणे या भुकेच्या खुणा. मान फिरवणे, चमचा ढकलणे या 'पुरे'च्या खुणा. त्या मानल्या जातात हे मुलाला कळले की त्याचा विश्वास बसतो.

५) हाताने खाऊ देणे : नऊ-दहा महिन्यांचे मूल भातात हात घालते. सांडते, माखते. ही घाण नसून शिक्षण आहे. त्याची एक छोटी वाटी वेगळी ठेवावी, म्हणजे त्याने किती खाल्ले हेही कळते. एकाच ताटात भावंडांसह जेवणारे मूल बहुधा मागे राहते.

६) नवी चव पुन्हा पुन्हा : नवीन पदार्थ एकदा थुंकला म्हणजे तो नावडता ठरत नाही. आठ-दहा वेळा थोडा थोडा समोर आल्यावर बरीच मुले तो स्वीकारतात.

७) टाळावयाच्या गोष्टी : नाक दाबणे, आडवे पाडून भरवणे, मारणे, बागुलबुवाची भीती, 'खाल्लेस तरच' अशी लालूच, मोबाईल. आडवे पाडून भरवल्याने अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, हे पालकांना स्पष्ट सांगावे.

७. आईला दोष न देता

बंधाच्या सिद्धांताचा एक गैरवापर संभवतो. मूल खात नाही, बंध बिघडला आहे, म्हणजे आई चुकली, असा सोपा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष शास्त्राला धरून नाही. बंध एकट्या आईचा नसतो. बाप, आजी, आजोबा, काकू या सर्वांशी मूल जोडले जाते. आईला दुपारी दोन घास निवांत खाता आले, रात्री कोणी मुलाला कडेवर घेतले, तर तिच्या हातून भरवणेही सुसह्य होते. मुस्लिम कुटुंबांना परिचित असलेल्या सूरा बकरातील २३३ व्या आयतीत पूर्ण दोन वर्षे स्तनपानाचा उल्लेख आहे. त्याबरोबरच आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर ठेवली आहे आणि दूध तोडण्याचा निर्णय दोघांनी विचारविनिमयाने घ्यावा असे म्हटले आहे. हिंदू घरांतील उष्टावणाच्या विधीत मामाच्या हातून पहिला घास दिला जातो. दोन्ही परंपरांत मुलाचा घास हा कुटुंबाचा विषय आहे. समुपदेशनासाठी केवळ आईला बोलावणे ही आपली आधुनिक सवय आहे, ती बदलली पाहिजे.

आई सतत उदास दिसते, मुलाकडे पाहत नाही, झोप उडाली आहे, जगण्यात रस नाही असे म्हणते, तेव्हा आहाराचे व्याख्यान थांबवून तिला डॉक्टरांकडे नेणे हेच पहिले काम होय.

८. कम्युनिटी कॉलेजमधील अध्यापनासाठी काही सूचना

अंगणवाडीच्या कल्पनेची मुळे मराठी भूमीत आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत, अनुताई वाघ यांच्या साथीने, मुलांच्या अंगणातच शाळा नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर पोहोचवली. मुलाला आपल्याकडे बोलावण्यापूर्वी आपण त्याच्या घरी जावे, हा ताराबाईंच्या कार्याचा धडा आपल्या विद्यार्थ्यांनाही देता येईल.

त्यासाठी पुढील उपक्रम सुचवावेसे वाटतात. पहिला, निरीक्षण : प्रत्येक विद्यार्थ्याने कुटुंबाची संमती घेऊन एका मुलाचे एक पूर्ण जेवण काही न बोलता पाहावे व नोंदवावे. कोणी भरवले, किती वेळ लागला, मुलाने किती खुणा केल्या, त्यांपैकी कितींना प्रतिसाद मिळाला. दुसरा, अनुभव : वर्गात विद्यार्थ्यांनी जोडीने एकमेकांना भरवावे, एकदा घाईने व न बोलता, एकदा सावकाश. पहिल्या वेळी कसे वाटले हे त्यांच्याच शब्दांत ऐकावे. तिसरा, कौशल्य : दंडघेर मोजण्याच्या पट्टीचा वापर प्रत्येकाला आला पाहिजे. चौथा, भाषा : 'घट्ट', 'भूक', 'पुरे' यांसाठी आपल्या परिसरातील पोवारी व गोंडी शब्द विद्यार्थ्यांकडूनच गोळा करावेत. सल्ला देण्याची नव्हे, ऐकण्याची भाषा प्रथम शिकवावी. "तुम्ही चुकीचे भरवता" याऐवजी "सर्वांत चांगले कोणाच्या हातून खाते?" असा प्रश्न विचारला की आई मोकळेपणाने बोलू लागते आणि उपाय बहुधा तिच्या उत्तरातच सापडतो.

धोक्याची लक्षणे मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावीत : काहीच पिऊ न शकणे, सुस्ती, झटके, दोन्ही पायांवर सूज, जोराचा श्वास, सतत उलट्या, दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी. अशा वेळी समुपदेशनात वेळ न घालवता मुलाला रुग्णालयात पोहोचवावे.

समारोप

खाण्याच्या समस्येवरील उपचार म्हणजे मुलाच्या पोटात अन्न ढकलण्याचे तंत्र नव्हे. आजार असेल तर तो शोधणे, अन्न योग्य व पुरेसे असेल याची खात्री करणे, चावण्या-गिळण्याचे कौशल्य वाढवणे आणि भरवणाऱ्या व खाणाऱ्यामधील विश्वास पुन्हा बांधणे, अशी ही चारपदरी प्रक्रिया आहे. पहिल्या तीन पदरांसाठी आपल्याकडे योजना, केंद्रे व शिधा आहे. चौथा पदर मात्र शिधापत्रिकेवर मिळत नाही. तो घरातल्या माणसांच्या वेळेतून व परस्परांच्या मदतीतून विणावा लागतो. बालाघाटसारख्या जिल्ह्यात जेथे धानाची कोठारे आहेत आणि तरीही दंडघेराची पट्टी लाल रंग दाखवते, तेथे हा चौथा पदर शिकवणारे व शिकणारे हात तयार करणे कम्युनिटी कॉलेजांना शक्य आहे. रोवणीच्या दिवसांत धाकट्या भावाला सांभाळणारी आठ वर्षांची मुलगी पुढे आपल्या वर्गात येणार आहे. तिला दहा वर्षांपूर्वीच जे कळायला हवे होते, ते तिच्यामार्फत गावातील दुसऱ्या मुलीपर्यंत वेळेवर पोहोचावे, एवढे काम आपल्या हाती आहे.